रद्द करण्याआधी

तपासणीला आलेल्या शिंपीणकाकू दवाखान्यातल्या बाकावर बसल्या होत्या. शेजारी दोघी बहिणींच्या गप्पा रंगल्या होत्या.

"ताई, इथले फोन घेणारं ते यंत्र तू बनवलंस?"

"छे गं! त्याला दिलेलं कुठलं काम कधी नि कसं करायचं, तेवढंच मी लिहिते."

"म्हणजे?"

"'भेट रद्द करणे' या कामापुढे आधी काहीच लिहिलेलं नव्हतं. मी लिहिलं, 'आधी कारण विचार. त्रास वाढला असेल तर रद्द करू नकोस, डॉक्टरांना कळव.'"

"बरं, मग?"

"मागच्या महिन्यात एक बाई फोनवर त्याला म्हणाल्या, छातीत दुखतंय, आज येत नाही. डॉक्टरांनी तडक गाडी धाडली!"

"तुझ्या दोन ओळींमुळे?"

"अजून अंगावर काटा येतो बघ."

काकूंचा हात छातीवरच्या टाक्यांच्या खुणांवर गेला.

"पोरी, का येत नाही, हे घरातसुद्धा कुणी विचारलं नव्हतं गं."