वेंडेलचं पिस्तूल

टेक्सासमधल्या आमच्या गावात बंदुकांच्या दुकानातली रांग. माझ्या पुढे म्हातारा ऑर्विल आणि वेंडेलची विधवा, लुएला.

“पिस्तूल विकतेस, लुएला?”

“घरात नकोसं झालंय ते.”

“कुंपणापाशीच चावला ना वेंडेलला साप?”

“हो. पहिला बार चुकला, दुसरं काडतूस आत अडकून बसलं.”

“सापावर झाडायची छर्ऱ्याची काडतुसं असल्या पिस्तुलात अडकतातच. शंभरदा सांगितलं होतं त्याला, सापासाठी रिव्हॉल्व्हरच ठेव. एक नाही उडालं तर चाक फिरून पुढचं काडतूस समोर येतं.”

“त्यालाही ठाऊक होतं.”

“मग घ्यायचं होतं एखादं. हट्टीच तो.”

“होतं की आमच्याकडे.”

“मग त्या दिवशी कुठं होतं?”

“माझ्या एप्रनच्या खिशात. ‘तू कोंबड्यांकडे एकटी जातेस, न अडकणारं तुझ्यापाशी राहू दे,’ म्हणाला होता.”