डावखुरा घोडेस्वार

हसायचं तर हसा, पण सगळं ऐकून झाल्यावर. इथे परदेशात, बुकित तिमाहच्या फ्लॅटमध्ये, मुलानं मला साठच्या दशकातल्या एका अमेरिकन सिनेमाची डीव्हीडी आणून दिली. गावी तंबूत पाहिलेला, घोडेस्वाराचा. मी नातीला, ईराला, शेजारी बसवलं. "बघ हं, हा माझ्यासारखाच डावखुरा आहे."

तेव्हा मी वीस वर्षांची सून. डावा हात पुढे केला की सासूबाई चापट मारायच्या, आणि अक्षर तर एकही येत नव्हतं. त्या सिनेमातल्या उमद्या गड्यानं डाव्या हातानं पिस्तूल काढलं, डाव्याच हातानं पत्र लिहिलं. वाऱ्यानं पडदा फुगायचा आणि घोडे ढगातून चालल्यासारखे तरंगायचे. रात्रभर ते माझ्या डोळ्यांत तरंगत राहिले. दुसऱ्या दिवसापासून मी दिराच्या पुस्तकातली अक्षरं चुलीपुढच्या राखेत गिरवायला लागले. डाव्या हातानं.

टीव्हीवर त्यानं पिस्तूल काढलं. ईरा तिच्या इथल्या इंग्रजीच्या लकबीत ओरडली, "आजी, राइट हँड आहे लाह!"

"डीव्हीडी उलटी छापलीय," मी ठणकावलं.

मुलगा हळूच म्हणाला, "आई, तंबूत बायका कुठे बसायच्या?"

"पुरुष पडद्याच्या पुढे, आम्ही मागच्या बाजूला..." मी आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं.

"म्हणजे तू सगळं उलटंच पाहिलंस!" ईरा टाळ्या पिटायला लागली.

"बरं झालं," मी म्हटलं. "पुढून पाहिलं असतं, तर अजून अंगठाच उठवत बसले असते."