सुधाचा हॉर्न

भालकीच्या बसस्टँडवर माझ्यापुढं काकू अन् तिची इंजिनिअरिंग शिकणारी पुतणी उभ्या होत्या.

"काकू, हॉर्नची खूण जमली का? ट्रॅक्टरवर काकाला फोन ऐकू येत न्हाई म्हणून तर दिली."

"व्हय सुधा. पहिलं सगळेच ऊसवाले दोनदा वाजवायचे. मी दरवेळी डबा घेऊन रोडला पळायची."

"म्हणूनच तीन लांब, दोन आखूड, एक लांब, एक आखूड. कॉलेजात शिकवलेली खूण हाय, जरा मागंपुढं सरकवून तिच्यावरच ठेवली तर सोताशीबी जुळत न्हाई. मग दुसऱ्याचा हॉर्न कसा जुळंल?"

"खरंय, गोंगाटातबी वळखू येतंय."

"मग काका खूश असतील!"

"त्यांना पाठच होईना. अजून दोनदाच वाजवतेत."

"मग डबा?"

"ह्यांचं घोकणं ऐकून मागच्या ट्रॅक्टरचा अमरेश एका दिवसात शिकला की! परवा बरोब्बर वाजवला. धुळीत तोंड दिसलं न्हाई, दिला डबा."

"अय्यो! अन् काका?"

"उपाशी. घरी येऊन ओरडले."

"थांब, दुसरी खूण काढून देते."

"नको गं. अमरेशनं डबा घासून परत दिला, वर भाजी झकास झालती म्हणला. तुझ्या काकाला आधी तेवढं शिकू दे."