दिव्यातली बाई

सिझरचं काय घेऊन बसलात, माझं ऐका. आमची रूपा झाली तेव्हा आम्ही पंचवटीत राहायचो. ऑपरेशनला नेताना नर्सने माझ्या बांगड्या उतरवल्या. मोकळे हात बरे नाहीत म्हणून सासूबाईंनी घाईघाईत मनगटाला हळदीचा दोरा बांधला.

पाठीत इंजेक्शन दिल्यावर कंबरेखालचं काही कळेना. छातीवर हिरवा पडदा लावला होता. वर पाहिलं, तर ऑपरेशनच्या मोठ्या दिव्याच्या चकचकीत कडेत एक बाई आडवी पडलेली, पोट उघडं, मनगटाला पिवळा दोरा. बिचारीच्या हातात बांगड्यासुद्धा नव्हत्या.

मी भूलवाल्या डॉक्टरांना विचारलं, "तिला दुखत नाही ना हो?"

"कुणाला?"

"ती वर आहे तिला."

माझ्या डोळ्यांदेखत त्या बाईच्या पोटातून बाळ निघालं आणि रडलं. नर्स ते माझ्याकडेच घेऊन आली. "मुलगी झाली, ताई."

मी म्हटलं, "ही माझी नाही. आधी तिच्या आईला दाखवा."

तेव्हा कुठे डॉक्टरांनी वर पाहिलं आणि घाईने दिवा जरा फिरवायला लावला. बाई गेली.

दुपारी खोलीत पाणी प्यायला हात उचलला, मनगटावरचा तोच पिवळा दोरा दिसला, आणि पेला तसाच खाली ठेवला.

माझे टाके आठव्या दिवशी काढले. रूपा आता कॉलेजात जाते. पण दिवा फिरवला तेव्हा त्या बाईचं पोट उघडंच होतं. तिला शिवलेलं मी अजून पाहिलेलं नाही.