वेशीतला फोटो

सांगली स्टँडवर माझ्या पुढं बसलेले रायगोंडाअण्णा युरोपातलं प्राग शहर बघून आले होते. थोरल्या बहिणीला मोबाईलवर फोटो दाखवत होते.

“पद्माक्का, मी हसत उभा हाय ती तिथल्या जुन्या गावाची वेस. एक दगड हलू दिला न्हाई त्यांनी.”

“आन् गाड्या?”

“लांबच थांबवत्यात. पुढं चालत जायचं.”

“मग आपली वेस का पाडलीस रं, सरपंचा?”

“उसाची ट्रॉली अडकायची, अक्का.”

“कुणाची?”

“माझीच.”

“नव्या सुनंवरनं भाकरतुकडा वेशीत ओवाळायचा. परवा तुझ्या सुनंला मी ट्रकांच्या धुरात ओवाळलं. दगडं कुठं गेली?”

“बंगल्याच्या जोत्यात बसवली.”

“चल घरी. त्या जोत्यापुढं असाच हसत उभा ऱ्हा. फोटो मी काढते!”