पाच नंबरची नळी

आधीच सांगते, माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि टाइप करायला मला फार वेळ लागतो, एकेक अक्षर शोधावं लागतं. त्याबद्दल माफ करा. हवालदार साहेबांनी तोंडी विचारून बघितलं, पण चार माणसांसमोर माझा आवाजच निघत नाही. शेवटी त्यांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "घे बाई, तूच बडव. मी चहा पिऊन येतो." म्हणून हा जबाब मी माझ्या हाताने लिहितेय.

नाव: खरं नाव वरच्या रकान्यात साहेबांनी भरलंय. घरी आणि कामावर मला रेडिओ म्हणतात. मी बोलत नाही म्हणून बाबांनीच ठेवलं. वय: एकोणीस. शिक्षण: आठवी पास, नववीत शाळा सोडली. धंदा: डिझेल इंजिनाचे नोझल साफ करणे व तपासणे. राहणार: अणुवीज केंद्राच्या मागच्या गेटजवळ, कामगार क्वार्टर, तळमजला.

समक्ष विचारल्यावरून जबाब देते की, वरच्या पत्त्यावर मी बाबा आणि काकासोबत राहते. आई मी लहान असतानाच गेली. काका बाबांचा धाकटा भाऊ, टेम्पो चालवतो. बाबा डिझेल मिस्त्री होते. आधी मी "आहेत" लिहिलं होतं, मग बदललं.

केंद्रात वीज बनते, पण बाहेरून येणारी लाइन गेली तर आतलं पाणी फिरवायलाच वीज लागते. केंद्र बंद केलं तरी आतलं इंधन तापलेलंच राहतं, त्याला थंड ठेवावं लागतं. त्यासाठी वेगळ्या इमारतीत दोन मोठे डिझेल जनरेटर आहेत. ते एरवी नुसते उभे असतात, महिन्यातून एकदा चालवून बघतात. बाबा म्हणायचे, "हे आपले घरजावई. वर्षभर बसून खातात. पण एक दिवस ऊठ म्हटलं तर उठलेच पाहिजेत."

या महिन्याच्या चाचणीत दोन नंबरचा जनरेटर सुरू झाला पण लोड घेईना, म्हणजे विजेचा भार पेलेना. पांढरा धूर आला, मशीन थरथरायला लागलं आणि आपोआप बंद पडलं. एक नंबरचा आधीच दुरुस्तीसाठी उघडून ठेवला होता. दोन्ही नाहीत म्हणजे केंद्र बंद करायची वेळ येणार होती. इंजिनिअर मॅडमनी फिल्टर बदलून बघितले, तेलाचा दाब बघितला, वेग सांभाळणारा गव्हर्नर तपासला. मग त्यांनी मीटर लावून काढलं की पाच नंबरच्या सिलिंडरचा धूर बाकीच्यांपेक्षा थंड आहे, म्हणजे तिथे डिझेल नीट जळत नाही. त्यानंतर त्यांनी बाबांना आणि मला आत बोलावलं.

पाच नंबरचं नोझल, म्हणजे डिझेल फवारणारी तोटी, मी काढलं आणि टेबलावरच्या हातपंपावर लावून बघितलं. फवारा चांगला होता, सगळ्या भोकांतून सारखा. बाबांना मी मान हलवून सांगितलं. बाबा मॅडमना म्हणाले, "रेडिओवर बातमी आली, नोझल चांगलं आहे." मॅडम हसल्या. मग नोझल परत बसवलं आणि मशीन कमी लोडवर चालू केलं.

पंपापासून प्रत्येक सिलिंडरला एक जाड नळी जाते. तिच्यातून डिझेल फार मोठ्या दाबाने जातं. नळ्यांवरचं पत्र्याचं झाकण आम्ही काढलं होतं. नळी दोन बोटांत धरली की आतून ठोका लागतो. बाबा त्याला नाडी बघणं म्हणायचे. ज्या नळीची नाडी मंद, तिथे दुखणं. हातमोजा घातला की ठोका कळत नाही, म्हणून ते नाडी उघड्या हाताने बघायचे. मॅडम ओरडून म्हणाल्या, "मिस्त्री, पुठ्ठा घ्या हो पुठ्ठा!"

बाबा म्हणाले, "मॅडम, पुठ्ठ्याला नाडी कळत नाही."

असं दाबाचं डिझेल बारीक चिरेतून उडालं तर कातडीतून आत शिरतं आणि हात आतून सडवतं. बाहेर नुसती टाचणी टोचल्यासारखी खूण दिसते. हे मला बाबांनीच शिकवलंय, कामाच्या पहिल्या दिवशी. गळती शोधताना पुठ्ठा पुढे धरायचा, हात नाही. पण बाबा गळती शोधत नव्हते, नाडी बघत होते.

एक ते चार नळ्या त्यांनी बघितल्या. पाचव्या नळीला बोटं लावली आणि हात एकदम मागे घेतला. मग हसले आणि जोरात म्हणाले, "सापडली! नळीच्या मानेपाशी चीर आहे. बंद करा, बंद करा!" मशीन थांबवलं. उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर एक बारीक ठिपका होता. रक्त जेमतेम एक थेंब. दुखत नाही म्हणाले. मॅडमनी स्वतः बोट धरून बघितलं आणि त्यांना लगेच सिस्टरकडे पाठवलं. मी बरोबर गेले.

सिस्टरची खोली त्याच आवारात आहे. आत एक पलंग, वजनकाटा आणि औषधांचं कपाट आहे. सिस्टर नवीन आहे, वयाने माझ्यापेक्षा थोडीच मोठी असेल. बाबा खुर्चीवर बसले, मी दाराशी उभी राहिले. तिथे जे बोलणं झालं ते मला शब्द न् शब्द आठवतं, ते असं:

"काय झालं काका?"

"तार टोचली पोरी. पट्टी लाव आणि सोड."

सिस्टरने चष्मा नीट केला आणि बोट दिव्याखाली धरलं. "तारच ना? तुम्ही डिझेलच्या कामावरचे. नळीतून उडालेलं नाही ना?"

"छे. तसं असतं तर मी इथे हसत बसलो असतो का?"

"बघा हं. तसं असेल तर मला आत्ता गाडी बोलवावी लागेल."

"अगं तार आहे. या माझ्या मुलीला विचार."

सिस्टरने माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले नाही. तिने बोट पुसलं, इंजेक्शन दिलं, पट्टी लावली आणि म्हणाली, "सूज आली तर ताबडतोब या."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "खोटं का बोललात?" बाबा म्हणाले, "आत्ता मला गाडीत घालून नेतील आणि हे मशीन इथे उघडं पडेल. नवी नळी बसवू, मशीन चालू करू, मग जाऊ डॉक्टरकडे." मी म्हटलं, "मग म्हणजे कधी?" तर माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणाले, "रेडिओ बंद."

नवी नळी बसवताना बाबांचं बोट मिटत नव्हतं. शेवटचे नट मी आवळले. मशीन चालू केलं तर त्याने पूर्ण लोड घेतला. धूर नाही, थरथर नाही. बाबा डोळे मिटून ऐकत उभे होते. मला म्हणाले, "ऐक. आता कसे सगळे एका सुरात आहेत." मॅडमनी विचारलं, "हात कसा आहे?" बाबा म्हणाले, "हात कुठे, मशीन बघा."

मग ते डॉक्टरकडे गेले नाहीत. थकलो, उद्या बघू म्हणाले. घरी डाव्या हातात चमचा धरून जेवले. काकाने थट्टा केली, "काय रे दादा, साहेब झालास का? चमच्याने जेवतोस?" बोट पांढरं पडलं होतं आणि गार लागत होतं. सकाळी हात मनगटापर्यंत सुजून दगडासारखा झाला होता. काकाने टेम्पोतून हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरांनी हात चिरला तेव्हा पडद्याच्या अलीकडे डिझेलचा वास आला. तो वास मला लगेच कळला, काकाला कळला नाही. नंतर हात काढावा लागला. बाबांना आधीपासून साखर होती, विष अंगात पसरलं. त्यानंतर ते शुद्धीवर आले नाहीत आणि वारले.

डॉक्टर काकाला म्हणाले होते, "हे आदल्या दिवशीच कळायला हवं होतं." काका म्हणाला, "आदल्याच दिवशी सिस्टरला दाखवलं होतं!" तिथून हे सगळं सुरू झालं. काकाने तक्रार दिली की सिस्टरने न बघता पट्टी लावून घालवून दिलं. आता सिस्टरला कामावरून घरी बसवलंय आणि तिच्यावर गुन्हा लावणार आहेत असं ऐकते. सिस्टर आमच्या घरी भेटायला आली होती. काकाने तिला उंबऱ्यावरूनच हाकललं. बाबांनी तिला काय सांगितलं होतं हे ती तेव्हाही बोलली नाही. नुसती चप्पल घालून निघून गेली.

काल मी काकाला खरं सांगितलं. त्याने टेम्पोची किल्ली खाली ठेवली. मग म्हणाला, "म्हणजे माझा दादा आपल्याच मूर्खपणाने मेला, असं लिहून देणार तू?"

मी म्हटलं, "तिने विचारलं होतं काका."

"तू कुणाची मुलगी आहेस?" असं तो म्हणाला. आणि मग तो रडला. मी त्याला आधी कधी रडताना बघितलं नव्हतं.

म्हणून लिहिते की, सिस्टरची काही चूक नाही. तिने नेमका तोच प्रश्न विचारला होता आणि बाबा नाही म्हणाले. माझ्याकडे बघितलं तेव्हा मी गप्प होते. बाबा मूर्ख नव्हते, त्यांना सगळं माहीत होतं. त्यांना आधी मशीन चालू करायचं होतं, एवढंच. मशीन चालू आहे.

हवालदार साहेबांनी चहा पिऊन आल्यावर वरचं सगळं मला मोठ्याने वाचून दाखवलं. मी लिहिलं तसंच आहे, खरं आहे, कुणी सांगितलं म्हणून लिहिलेलं नाही. एक विनंती आहे. काका बाहेर बाकावर बसलाय, त्याला हे तुम्ही वाचून दाखवू नका. मी त्याच्याशेजारी बसून तोंडाने सांगेन. वेळ लागला तर लागू द्या.

आत्ताच साहेबांना फोन आला, खालच्या चौकात दुधाचा टँकर उलटलाय, रस्ता सगळा पांढरा झालाय. कुणाला लागलं नाही म्हणतात. साहेब तिकडे निघालेत, म्हणून इथेच थांबवते.