जानाईच्या हनुवटीखालचा अंगठा

मंडळी, ऐका! आणि मृदंगवाले बुवा, मृदंग जरा बाजूला ठेवा. आता तालाचं काम नाही, कानाचं आहे.

एक प्रश्न टाकतो. लगेच उत्तर देऊ नका — तुम्ही पुढच्या रांगेतले, प्रश्न संपायच्या आत माना हलवायला लागता! प्रश्न असा, की गेलेल्या माणसाला जपणं म्हणजे काय? माणूस गेलं. मागं त्याचं काहीतरी राहिलं. एखादं लुगडं, एखादी काठी, चष्म्याचं घर. ते जपायचं म्हणजे नेमकं करायचं काय? पेटीत घालून वर कुलूप? सोबत डांबराच्या गोळ्या? सांगा की! ... नाही ना सांगता येत? मग सटवाजी ओताऱ्याकडे चला माझ्याबरोबर.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव. गावाची देवी जानाई. आणि गावात ओताऱ्याचं घर एकच. आताच्या पोरांना ओतारी ठाऊक नसेल — पितळेचा रस करून देव ओततो, तो ओतारी. तुम्हाला वाटेल, त्यात काय! साचा घ्यायचा, ओतायचं, काढायचं, इडलीसारखं! अहो, कसलं काय!

आधी माती. माती, शेण, भाताचा कोंडा मळून आतला गाभा करायचा. त्या गाभ्यावर मेण चढवायचं — मधाच्या पोळ्याचं मेण, राळ घालून कमावलेलं. त्या मेणात देवीचा चेहरा घडवायचा. नाक, डोळे, भुवया, नथ, सगळं! मग त्या मेणावर पुन्हा माती. पहिला हात वस्त्रगाळ मातीचा, पातळ. वर जाड थर. रस ओतायला एक तोंड ठेवायचं, हवा निघायला बारीक वाट ठेवायची. सावलीत वाळवायचं आणि भट्टीत घालायचं. मेण वितळून वाहून जातं. आत राहते नुसती पोकळी. त्या पोकळीत रस ओतायचा, निवला की माती फोडायची. एका मेणाची एकच देवी! ओतकाम फसलं तर देवी गेली, आणि मेण तर आधीच गेलेलं. पुन्हा मागायचं कुणाकडे?

या घरात कामाची वाटणी होती. आग सटवाजीची, मेण ठकूचं. ठकू म्हणजे त्याची बायको. मूलबाळ नाही. दोघंच. आणि दिवसभर भांडण! कशावरून? तर ठकूला एक खोड. मऊ मेण उचलताना देवीची हनुवटी खालून अंगठ्यानं धरायची. अंगठा उमटायचा. तोच पितळेत उतरायचा. मग सटवाजी बसायचा कानशीनं घासत!

"ठके, तुझ्या अंगठ्यापायी माझी कानस झिजली!"

"मग देवीला हनुवटी न धरता उचला की तुमी! दावा की उचलून!"

सटवाजी पुन्हा कानस उचलायचा. हसू नका! तुमच्याही घरी हेच चालतं, फक्त मेणाऐवजी रिमोट असतो.

एका वर्षी गावानं ठरवलं, जानाईचा जुना मुखवटा तडकला, चैत्राच्या जत्रेला नवा हवा. ठकूनं मेण केलं. थंडी होती, खोकला होता, तरी पदर तोंडाला लावून करत बसली. चेहरा पुरा झाला. तिनं हनुवटी धरली, उचलला, कोनाड्यात ठेवला. "घ्या, माझं झालं. आता तुमची आग," म्हणाली. आणि पौष सरायच्या आत, मंडळी, ठकू गेली.

गाव आलं, रडलं, पिठलं-भाकरी आणून दिली, तेरावं झालं. गाव आपापल्या कामाला लागलं. आणि सटवाजी घरात एकटा. समोर कोनाडा. कोनाड्यात मेणाची जानाई.

आता काम काय? सोपं! माती लावायची, भट्टी पेटवायची. सटवाजीनं माती मळलीसुद्धा. हात पुढं केला आणि हनुवटीखाली बघितलं. अंगठा! त्यातली रेघ न् रेघ दिसतेय. आयुष्यभर ज्याला शिव्या घातल्या, तो अंगठा! आणि पुढं केलेला हात त्यानं मागं घेतला — हे मेण मी भट्टीत घालायचं? तिच्या हातचं एवढंच राहिलंय, ते मी वितळवायचं?

माती तशीच वाळून ढेकूळ झाली.

ऊन वाढायला लागलं तसं त्यानं मेणाला ओलं फडकं गुंडाळलं. भट्टी बंद. पण चूल? चूल त्याच खोलीत! चुलीची धग लागली तर? चूलही बंद. ओताऱ्याच्या घरात आग नाही, मंडळी! ज्याचं पोट आगीवर, त्यानं आगीशी वैर धरलं! शेजारच्या कुणी भाकरी दिली तर कोरडी खायची, नाहीतर पोहे भिजवायचे. गार पाण्यानं आंघोळ. संध्याकाळी सगळ्या आळीवर धूर असायचा आणि सटवाजीच्या कौलांवर काही नाही.

बोलायचा कोणाशी? मेणाशी. "आज वारा हाय, बरंय." "तुळशीला पानी घातलं बरं का." मग वाट बघायचा. ती उलटून काहीतरी बोलेल म्हणून! सवय असते हो कानाला. भांडणाची सवय लागली, की शांतता फार मोठी वाटते. इथं बसलेल्यांपैकी ज्यांचा जोडीदार गेलाय, त्यांना मी काय सांगतोय ते कळतंय. बाकीच्यांनी नुसतं ऐका.

हैबती गुरव, देवीचा पुजारी, दारात आला. "सटवाबा, देवी कवा?"

"माती वाळतीया."

पुन्हा आला. "सटवाबा, देवी?"

"वाळतीया रं."

चैत्र जवळ आला! रस्त्यावर पाणी टाकलं तर डाग दिसत नाही, आणि याची माती वाळेना! गाव कुजबुजायला लागलं. म्हातारा फिरला. म्हाताऱ्याला काम जमत नाही. सगळ्यांनी दारात येऊन विचारलं, देवी कधी? सटवाजी फडक्याला पाणी मारायचा आणि दार लावून घ्यायचा.

आणि एका दुपारी काय झालं! फडकं बदलायला काढलं, दोरीवर पिळून टाकलं, आणि भिंतीला टेकला तो सटवाजीचा डोळाच लागला. वर कौलांत काचेचं एक कौल. तिथून उन्हाचा कवडसा खाली आला, भिंतीवरून सरकला, आणि कोनाड्यात शिरला! जाग आली तेव्हा जानाईचा डावा गाल सुटला होता. मेण ओघळून ओठाच्या कडेला जमलं होतं. डावी भुवई अर्धी खाली.

धावला! बोटांनी भुवई वर सारायला गेला. पण ते हात कसले? सांडशी धरणारे, भाता ओढणारे! बोट लावलं आणि भुवई गेली. पुसूनच गेली! तिथं आता सटवाजीचं बोट उमटलं होतं. दुसऱ्या हातानं सावरायला गेला, तर गालावरची ठकूची नखाएवढी बारीक कलाकुसर, तीही दबली. आणि तो थांबला. हात हवेत. म्हणाला, "ठके... मीच पुसतोय की गं तुला."

मोठ्यानं रडला. पौषात रडला नव्हता, तो चैत्रात रडला.

मग उठला. पहिल्यांदा हनुवटी बघितली. अंगठा तसाच होता. बाकी चेहऱ्याला त्यानं हात लावला नाही. गालावर मेण पातळ झालेलं — तिथं रस पोचायचा नाही, भोक पडेल, हे त्याला कळत होतं. नवं मेण लावता आलं असतं. पण नवं मेण म्हणजे स्वतःचं बोट! नाही लावलं. नवी माती मळली, वस्त्रगाळ केली, आणि पहिला हात कुठं दिला? हनुवटीखाली. अंगठ्याच्या एकेका रेघेत माती बसवली.

थर चढले, वाळले. आता खरंच वाळले! आणि किती महिन्यांनी त्या घरातून धूर निघाला. साचा तापला. मेण थेंब थेंब करून निखाऱ्यावर पडायला लागलं, मधाचा वास सुटला. सटवाजीनं तोंड फिरवलं नाही. शेवटचा थेंब पडेपर्यंत बघत बसला.

मंडळी, या घटकेला आत काय आहे, सांगा बरं? मेण गेलं. पितळ अजून आलं नाही. आत काही नाही! पण त्या काही नाहीला नाक आहे, डोळे आहेत, अंगठा आहे. ती होती तेवढी जागा रिकामी आहे. आणि जागा रिकामी झाली नाही, तर रस कुठं ओतणार?

पितळेच्या रसानं भरलेली मूस सांडशीत धरून उचलली. रस ओतला. हवेच्या वाटेतून फुस्स करून वाफ आली आणि मागोमाग पिवळा ठिपका दिसला. भरलं! पण गाल? ते माती फुटल्याशिवाय कळायचं नाही.

सकाळी निवला. हैबती आलाच होता. सटवाजीनं हातोडी दिली टक्, टक्. माती गळून पडली. गाल पातळ होता, पण धरला होता! आणि ओठाच्या कडेला जमलेलं मेण, तेही तसंच पितळेत आलेलं.

हैबती बघतच राहिला. "सटवाबा! देवी एका गालानं हसतीया की!"

सटवाजीनं छिन्नी घेऊन गेलेली भुवई कोरली. एक भुवई ठकूची, एक त्याची. मग कानस घेतली, हनुवटीपाशी नेली. अंगठा होता. कानस खाली ठेवली.

"हितं घासायचं ऱ्हायलं जणू," हैबती म्हणाला.

"ऱ्हाऊ दे. उचलायला बरं पडतं."

आणि खरंच बरं पडलं! रोज पहाटे गुरव मुखवटा न्हाऊ घालायला उचलतो, तेव्हा त्याचा अंगठा तिथंच बसतो. त्याला ठाऊक नाही कुणाचा. गावाला ठाऊक नाही. जत्रा झाली, गुलाल उडाला, पालखी गेली, आणि सटवाजी घरी आला. कोनाडा मोकळा होता. मी खोटं सांगणार नाही तुम्हाला — तो एकटाच होता, आणि एकटाच राहिला. पण त्या संध्याकाळी त्यानं चूल पेटवली, पिठलं टाकलं, आणि मीठ जास्त झालं म्हणून स्वतःच्याच नावानं ओरडला. ठकू ओरडायची तसा!

तर मंडळी, मिळालं उत्तर? जपायचं म्हणून जे आगीपासून लपवलंत, ते उन्हानं जाणार आहे. द्या ते! तिचं लुगडं कुणाच्या तरी अंगावर घाला, त्याची काठी कुणाच्या तरी हातात द्या. उचलणाऱ्याचा अंगठा बरोबर जागेवर बसेल.

झालं, आता उठू का? थांबा, बसा! एक राहिलं. त्या गावातली सगळी माणसं सटवाजीच्या दारात गेली होती ना? देवी कधी, देवी कधी? इतक्या जणांनी विचारलं! पण सटवाबा, तुझ्या घरातून धूर का निघत नाही — हे एकानं तरी विचारलं? एकानं?

तुम्ही म्हणाल, बुवा, आता घरोघरी गॅस आहे, धूर दिसतो कुठं? बरोबर आहे. म्हणून तर आता दार वाजवायला लागेल! आज घरी जाताना आपल्या आळीत असं एक दार शोधा. आणि आत गेल्यावर, देवाशपथ, कामाचं काही विचारू नका. नुसतं म्हणा — चूल पेटली का हो आज?